जॉइनिंग नको, गिऱ्हाईक द्या

पदरात लहान मुले आणि घरात दुसरे कमावते माणूस नाही, अशा बाईला सल्ल्यांची वाण कधीच पडत नाही. त्यात हल्ली एक सल्ला ठरलेला असतो: "ताई, घरबसल्या काम आहे. आयडी टाका, खाली दोन माणसं जोडा, सहा महिन्यांत बघा." माल कधी पौष्टिक पावडरीचा असतो, कधी साबण-शाम्पूचा, कधी गुडघेदुखीच्या तेलाचा. सांगणारी व्यक्ती बहुधा लबाड नसते. तिलाही कुणीतरी असेच जोडलेले असते. तरीही हा सल्ला एकल पालकाला, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा एकल आईला, सर्वांत महाग पडतो. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत घरून थेट विक्रीचा धंदा उभा राहू शकतो आणि तो उभा करायला इतरांनी मदतही करावी. पण त्या मदतीत तीन गोष्टी हव्यात: रोख देणारे गिऱ्हाईक, थोडे खेळते भांडवल आणि मुलांकडे बघणारे माणूस. आयडीत यातले काहीच मिळत नाही.

आधी या मुलखाकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहू. थेट विक्री तिथेच चालते जिथे लोकांच्या हातात पगार असतो आणि घरी रांधायला वेळ नसतो. भीमेच्या अलीकडे-पलीकडे वसलेल्या या दोन तालुक्यांत अशी माणसे भरपूर आहेत. नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव अशी कारखान्यांची रांग लागते आणि तिच्याभोवती भाड्याच्या खोल्यांची. मराठवाडा-विदर्भातून आणि उत्तरेकडून आलेली पोरे एका खोलीत चौघे-पाचजण राहतात, शिफ्ट बदलली की जेवायची वेळही बदलते. दौंडकडे रेल्वे जंक्शन आहे, राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत, कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे. केडगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळे पेटलेली असतात. या सगळ्यांना लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत: भाकरी-चपात्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात वाळवण, दिवाळीत फराळ. त्यांचा मोठा गुण असा, की संपल्या की पुन्हा लागतात. धंदा टिकतो तो दुसऱ्या खरेदीवर; पहिली खरेदी पुष्कळदा दयेपोटीही होते.

आता आयडी घेऊन माणसे जोडत जायच्या साखळीचा हिशेब. भारतातील थेट विक्री कंपन्यांच्या संघटनेच्याच आकड्यांनुसार 2022-23 मध्ये या उद्योगाची उलाढाल 21,000 कोटी रुपयांच्या वर गेली आणि विक्रेते होते सुमारे 86 लाख. मंचावरून सांगितला जातो तो पहिला आकडा. त्याला दुसऱ्याने भागले, तर एका विक्रेत्याच्या वाट्याला वर्षाला साधारण 25,000 रुपयांची विक्री येते, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आसपास. ही विक्री झाली, कमाई नव्हे. शिवाय त्यातला काही माल विक्रेत्यांनी स्वतःच घरी वापरलेला असतो. वीस टक्के सुटतात असे धरले तरी महिन्याला चारशे रुपये होतात. एकल आईला घरखर्चाला पाच हजार हवे असतील, तर तिला दरमहा 25,000 चा माल विकावा लागेल, म्हणजे देशाच्या सरासरीच्या बारापट. अमेरिकेत जिथे हा धंदा जुना आहे, तिथलेही चित्र वेगळे नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी 2024 मध्ये अशा कंपन्यांनीच जाहीर केलेली 70 उत्पन्नपत्रके तपासली. बहुतेक सभासदांची कमाई वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून कमी निघाली, आणि बहुतेक पत्रकांत सभासदांचा खर्च धरलेलाच नव्हता.

"माल कमी विकला तरी चालेल, माणसे जोडा" हे यावरचे नेहमीचे उत्तर. तेही गणितात टिकत नाही. प्रत्येकाने पाच माणसे जोडायची म्हटले, तर नवव्या पायरीला 19 लाखांहून अधिक माणसे लागतात. 2011 च्या जनगणनेत शिरूर आणि दौंड मिळून लोकसंख्या होती साडेसात लाखांच्या आसपास, तीही पाळण्यातली बाळे धरून. पहिल्या दोन-चार पायऱ्यांवरच्यांना पैसे सुटतात. गावात योजना उशिरा पोचते आणि एकल आईपर्यंत तर सर्वांत शेवटी. जिचा हात सर्वांत रिकामा, ती बहुधा सर्वांत खालच्या पायरीवर उभी असते.

पण पैशापेक्षा मोठे नुकसान वेगळेच आहे. एकल आईचा खरा विमा म्हणजे तिची नातीगोती. भाऊ, वहिनी, शेजारीण, जुनी मैत्रीण. पोर तापाने फणफणले तर रात्री यांच्याच दारावर थाप मारायची असते. साखळीत शिरताना पहिल्या दिवशी वही पुढे करतात आणि सांगतात, ओळखीच्या शंभर जणांची नावे लिहा. म्हणजे तिचा विमाच मोडून भांडवल करायचे. वहिनीने एकदा भिडेखातर नऊशे रुपयांचा डबा घेतला, दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा ती फोन उचलत नाही. ज्याला दुसरा आधार आहे त्याला एवढा दुरावा परवडतो, हिला नाही. म्हणून एकल पालकाच्या धंद्याची पहिली अट अशी, की निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक नात्याबाहेरचे हवे. वर सांगितलेल्या खोल्या आणि वसाहती याच कारणाने मोलाच्या आहेत.

घरगुती विक्रीचा परदेशी आदर्श म्हणून टपरवेअरचे नाव निघते, आणि त्या कथेच्या केंद्रस्थानी एकल आईच आहे. घटस्फोटित ब्राउनी वाइजने मुलाला वाढवताना प्लास्टिकचे डबे दुकानात ठेवण्याऐवजी बायकांच्या घरगुती मेळाव्यांत विकायला सुरुवात केली. 1951 मध्ये कंपनीने सगळी विक्रीच तिच्याकडे सोपवली, 1954 मध्ये 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर ती झळकली. पण 1958 मध्ये तिला काढून टाकले, तेव्हा तिच्या नावावर कंपनीचा एक शेअरही नव्हता. मिळाला तो वर्षभराच्या पगाराएवढा मोबदला. गिऱ्हाईक तिने जोडले होते, मालकी मात्र दुसऱ्याची होती. आपल्याकडे या मेळाव्याचे घरचे रूप म्हणजे हळदीकुंकू. त्यानिमित्ताने वाणाच्या वस्तूंची मोठी विक्री होते, पण परंपरेने विधवेला तिथे बोलावणेच नसते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. तो प्रश्न मानाचा आहेच, त्यासोबत बाजाराचाही आहे. जिला हळदीकुंकवाला बोलावणे नाही, तिच्याकडून वाण तरी कोण विकत घेणार?

एकट्या पडलेल्या बाईने उभे कसे राहायचे, या प्रश्नाचे जुने उत्तर दौंड तालुक्याला तर माहीत आहे. केडगावचे मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दुष्काळाच्या काळात उभे केले. त्या स्वतः 1882 मध्ये विधवा झाल्या तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. केडगावात त्यांनी निराधार बायकांसाठी निवारा केला, तसाच मुलांचाही सांभाळ केला आणि सोबत शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे शिकवली. त्यांच्या धर्मकार्याबद्दल मते वेगवेगळी असू शकतात, कामाचा क्रम मात्र आजही बरोबर आहे: आधी डोक्यावर छप्पर आणि मुलांची सोय, मग हातात कसब, मग कमाई. शिरूरच्या बाजूला पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रमही हाताने काम करत शिकण्यावर उभा आहे.

कसबापाठोपाठ हिशेब येतो आणि घरगुती धंदे बहुधा इथेच बुडतात. समजा, तिने पाव किलोचे 40 पुडे कांदा-लसूण मसाला केला. मिरची, खोबरे, गरम मसाला, तेल, कांडपाची मजुरी आणि पिशव्या मिळून खर्च आला 3,800 रुपये. पुडा 150 ला विकला, तर 6,000 येतात आणि नफा 2,200 दिसतो. पण 12 पुडे उधारीवर गेले, तर हातात येतात 4,200. खर्च वजा जाता उरतात 400. कागदावर धंदा फायद्यात असतो आणि पुढच्या घाण्याचा खर्च बाजूला काढला, की घरखर्चाला एवढेच राहतात. असे दोन घाणे झाले की मायक्रोफायनान्सच्या गटाचा हप्ता सुरू होतो. म्हणून दोन घाण्यांचे पैसे हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नये. उधारी फक्त पगारदारांना, तीही पगाराच्या तारखेपर्यंतच द्यावी. आणि स्वतःची मजुरी खर्चात धरावी. घरखर्चाची आणि धंद्याची वही वेगळी असणे हे कुठल्याही सेमिनारपेक्षा मोठे प्रशिक्षण आहे.

यावर आक्षेप येतील, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला असा, की कंपनी नाव देते, तयार माल देते, चारचौघांत बोलायची हिंमत देते. सगळ्यांना मसाला करता येत नाही. हे खरे आहे. कंपनीचा माल विकण्यात गैर काही नाही, फक्त कंपनी पारखून घ्यावी. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रवेश शुल्क घेण्याला आणि माणसे जोडण्याबद्दल मोबदला देण्याला मनाई केली, न विकलेला माल परत घेण्याची सोय सांगितली. 28 डिसेंबर 2021 ला आलेल्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनी पिरॅमिड योजनांवर बंदी घातली आणि विक्रेत्याशी लेखी करार, ओळखपत्र, घरी जाण्याआधी गिऱ्हाइकाची वेळ घेणे या गोष्टी बंधनकारक केल्या. तेव्हा तिच्यासोबत जाऊन चार प्रश्न विचारावेत: आत यायला पैसे लागतात का? करार मराठीत समजावून देता का? उरलेला माल किती दिवसांत परत घेता? आणि एकही माणूस न जोडता, केवळ विक्रीवर मला काय सुटेल? चौथ्या प्रश्नाला सरळ आकडा मिळाला नाही, तर तिथून उठावे. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

दुसरा आक्षेप: मसाले, पापड, लोणची सगळेच बचत गट करतात, त्यात हिचे कोण घेणार? प्रदर्शनातले स्टॉल पाहिले तर ही शंका रास्त वाटते. पण स्टॉलवर आधी माल येतो आणि मग गिऱ्हाईक शोधले जाते. क्रम उलटा करावा. एकाच भागातल्या दहा खोल्यांना महिनाभर विचारून, चव देऊन, काय आणि किती लागते ते लिहून घ्यावे. मग तेवढेच करावे. महिन्याअखेर दहापैकी सहा खोल्यांनी पुन्हा मागितले, तर धंदा आहे. दोघांनीच मागितले, तर वस्तू बदलावी. यात नुकसान झालेच तर काही शेकड्यांचे होते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: एवढा खटाटोप करण्यापेक्षा एमआयडीसीत कामाला जावे, पगार ठरलेला, भविष्य निर्वाह निधी वेगळा. जिथे दिवसपाळी मिळते आणि मूल सांभाळायला घरी कुणी आहे, तिथे नोकरीच बरी, हे मोकळेपणाने मान्य करावे. मिळकत नसलेल्या घराने पहिल्याच महिन्यापासून सगळा भार घरगुती विक्रीवर टाकू नये. ती आधी जोडधंदा म्हणून चालवावी. पण रात्रपाळी, कंत्राटी काम आणि तीन वर्षांचे मूल या तिन्ही गोष्टी एका बाईच्या वाट्याला आल्या, की नोकरी हा पर्याय कागदावरच राहतो. घरून विक्री तिच्यासाठी आहे.

मग मदत म्हणजे नेमके काय? सरकारी आधार आधी पदरात पाडून द्यावा, कारण धंदा रुजेपर्यंत घर त्यावर चालते: पात्र असेल तर संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा 1,500 रुपये, मुलांसाठी बालसंगोपन योजनेचे दरमहा प्रत्येकी 2,250. अर्ज, दाखले आणि तहसील कचेरीच्या खेपा यांतच तिचे दिवस मोडतात. तिथे सोबत जाणे ही खरी मदत आहे. त्यानंतर 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटात तिला घ्यावे, कारण अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातील सदस्याला केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळू शकते आणि ते व्याजीच्या पैशापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. खाद्यपदार्थ विकायचे म्हणजे अन्न सुरक्षा नोंदणी आलीच. तो ऑनलाइन अर्ज गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराने भरून द्यावा. बचत गटांच्या ग्रामसंघाने संध्याकाळचे दोन तास चार एकल मातांची मुले एकत्र सांभाळली, तर डबे पोचवायला तेवढा वेळ पुरतो.

उरलेले काम तुमचे-आमचे. अशा बाईला कुणाच्या साखळीत जोडू नका आणि तिच्याकडून दयेपोटी एकदाच काही घेऊन मोकळेही होऊ नका. माल आवडला तर दर महिन्याला घ्या, पैसे रोख द्या, शेजारच्या दोन घरांना तिचा नंबर द्या. आणि मसाला खारट झाला, तर तेही तिला तोंडावर सांगा.