लेबल झाकल्यावर चवच बोलते : ‘पिनो न्वार’च्या ब्लाइंड टेस्टिंगचे शास्त्र

बंगळुरू : बाटली कागदी पिशवीत झाकून, नाव आणि किंमत कळू न देता वाइनची चव पारखण्याच्या पद्धतीला ‘ब्लाइंड टेस्टिंग’ म्हणतात. तज्ज्ञांच्या स्पर्धांमध्ये वापरली जाणारी ही पद्धत सर्जापूर रोडवरील एखाद्या सदनिकेत जमलेल्या मित्रमंडळींनाही अवलंबता येते. आयात वाइनची भारतातील किंमत तिच्या दर्जाची खात्री देत नसल्याने ग्राहकाच्या दृष्टीने तिला विशेष महत्त्व आहे.

किंमत का फसवते?

आयात वाइनवर भारतात दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क होते. राज्यांचे कर वेगळे. २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झालेल्या करारानुसार ऑस्ट्रेलियातून किमान ५ डॉलर मूल्याने येणाऱ्या बाटलीवरील शुल्क १०० टक्के, तर किमान १५ डॉलरच्या बाटलीवरील ७५ टक्के झाले. त्यामुळे दुकानातील दोन बाटल्यांच्या किमतींतील फरक हा अनेकदा चवीचा नसून शुल्काचा असतो.

किंमत जिभेवरही परिणाम करते. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० जणांना एकच वाइन कधी १० डॉलरची, तर कधी ९० डॉलरची म्हणून देण्यात आली. ‘महाग’ वाइन त्यांना अधिक आवडली आणि मेंदूतील सुखद अनुभवाशी निगडित भागही अधिक सक्रिय झाला.

पिनो न्वारच का?

फ्रान्समधील बर्गंडी हे या काळ्या द्राक्षाचे माहेरघर. पातळ साल आणि थंड हवामानाची गरज यांमुळे ते जपणे अवघड असते. नाशिक किंवा बंगळुरूजवळील नंदी टेकड्यांच्या परिसरातील उष्ण हवामान त्याला फारसे मानवत नाही. त्यामुळे येथे मिळणाऱ्या या वाइन बहुतांश आयात केलेल्या असतात.

ही वाइन ओळखणे मात्र सोपे नाही. मर्लो आणि सिरा या अन्य द्राक्षांची वाइन पिनो न्वार म्हणून एका अमेरिकी कंपनीला विकल्याप्रकरणी फ्रान्समधील कार्कासॉन येथील न्यायालयाने २०१० मध्ये १२ जणांना दोषी ठरवले. हा माल सुमारे १ कोटी ८० लाख बाटल्या भरतील इतका होता. ही फसवणूक चवीवरून उघड झाली नाही. त्या भागातील उत्पादनापेक्षा विक्री जास्त असल्याचे हिशेबात आढळल्याने संशय आला.

घरी कसे करावे?

वाइन ओतणाऱ्या व्यक्तीने चाखणाऱ्यांत सहभागी होऊ नये. बाटल्यांना क्रमांक द्यावेत आणि सर्व पेले एकाच आकाराचे असावेत. पिनो न्वार साधारण १५ अंश सेल्सिअसला चांगली लागते; बंगळुरूतील खोलीचे तापमान त्याहून बरेच अधिक असल्याने बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. उदबत्ती, अत्तर आणि फोडणीचा वास टाळावा. प्रत्येकी ३० मिलिलिटर पुरेसे असते आणि थुंकण्यासाठी भांडे ठेवावे. सर्वांचे मत कागदावर उतरेपर्यंत कोणीही बोलू नये, हा सर्वांत महत्त्वाचा नियम; एकाने ठामपणे सांगितलेला स्वाद लगेच इतरांनाही जाणवू लागतो.

निकाल कसा वाचावा?

दोन वाइनमधील फरक खरोखर कळतो का, हे तपासण्यासाठी तीन पेले द्यावेत. त्यांपैकी दोन पेल्यांत एकच वाइन असावी आणि वेगळा पेला ओळखायला सांगावे. निव्वळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते. सहा मित्रांपैकी किमान चौघे केवळ नशिबाने बरोबर ठरण्याची शक्यता सुमारे १० टक्के, तर किमान पाच जण बरोबर ठरण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी असते. म्हणजे चौघांच्या यशावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. पाच जणांना फरक ओळखता आला, तर तो बहुधा खरा असतो.

अशा बैठकीतून जगातील उत्तम वाइन ठरत नाही. मात्र, महागड्या बाटलीसाठी मोजलेले जादा पैसे आपल्या जिभेला जाणवतात का, याचे उत्तर तिथे मिळू शकते.