क्लबाचे दार

दिवाळीत घर झाडायला काढले की काही ना काही जुने हाती लागतेच. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या वाड्याची ढाळज झाडताना यंदा पत्त्यांचा एक जोड सापडला. किलवरचा गुलाम तेवढा गहाळ! जोड आजोबांचा. तो पाहून त्यांची एक हकीकत आठवली.

आजोबा इंग्रजी अमदानीत कारकून. एकदा सायंकाळी कागदांवर सही घ्यायला ते मोर्णा ओलांडून साहेबलोकांच्या क्लबात गेले. गावठाण नदीच्या पश्चिमेला आणि साहेबांचे बंगले पूर्वेला, अशी त्या वेळची वाटणी. तासभर व्हरांड्यात उभे राहिले. आत दिवे, पत्ते, हसणे. सही मिळाली, पण ‘बसा’ म्हणायला कुणी आले नाही. तो तास ते जन्मभर विसरले नाहीत.

हे क्लबांचे वेड विलायतेचे. लंडनमधला ‘व्हाइट्‌स’ हा नामांकित क्लब १६९३ मध्ये सुरू झाला तो चॉकलेट पिण्याचे दुकान म्हणून! पुढे पैसेवाल्या गिऱ्हाइकांनी इतरांना दार लावून घेतले आणि क्लब झाला. अशा क्लबांत नवा सभासद घ्यायचा म्हणजे पेटीत गुपचूप गोळ्या टाकायच्या. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. नकार कुणी दिला, का दिला, हे उमेदवाराला कधी कळायचे नाही.

मुंबईत १८३३ मध्ये भायखळा क्लब निघाला, १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना. दोन्ही गोऱ्यांचे. मग आपल्या लोकांनी काय केले? १८८५ मध्ये पारशी जिमखाना निघाला, १८९२ मध्ये इस्लाम जिमखाना आणि १८९४ मध्ये हिंदू जिमखाना. एका बंद दाराला उत्तर म्हणून आणखी तीन दारे उभी राहिली, आणि प्रत्येकावर आपापली पाटी!

१९१७ मध्ये मात्र निराळे घडले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हिंदी पाहुण्याला एका गोऱ्या क्लबाने आत घेतले नाही, असे सांगतात. रागावलेल्या लाटसाहेबांनी हिंदी आणि युरोपियन दोघांसाठी नवा क्लबच काढला. तोच विलिंग्डन क्लब. पण गंमत पाहा, हेच गृहस्थ पुढे व्हाइसरॉय झाले आणि जानेवारी १९३२ मध्ये त्यांच्याच सरकारने गांधीजींना तुरुंगात धाडले. क्लबाचे दार उघडणे सोपे. राज्याचे दार उघडणे अवघड!

आजोबा ही विलिंग्डनची गोष्ट रंगवून सांगत आणि शेवटी म्हणत, “आपली ढाळज बरी. इथे ना वर्गणी, ना काळी गोळी. येईल त्याने बसावे.”

एकदा आजी सुपारी कातरत ऐकत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “हो का? मग चाळीस वर्षांत मी कधी बसले तिथे? चहा मात्र माझ्या हातचा जायचा. अन् पाणी भरणारा गडी पायरीखाली उभा राहूनच डाव पाहायचा. त्याला कोणी म्हटलं का ‘बस’?”

आजोबा गप्प झाले. व्हरांड्यातला तो तास त्यांना आठवला असावा.

आजीला ठाऊक नव्हते, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातच रमाबाई रानडे यांनी मुंबईत हिंदू स्त्रियांचा क्लब काढला होता. भाषा शिकणे, शिवणटिपण, चार गोष्टींची माहिती, असा तिथला कार्यक्रम. घराबाहेर, चार बायकांत, हक्काने बसायची जागा! तिचे मोल आज कळायचे नाही.

क्लब वाईट नव्हे. माणसाला चार सोबती हवेतच. पण आपल्या दाराशी उभे कोण आहे, हे आत बसलेल्याला सहसा दिसत नाही.

यंदा पाडव्याला ढाळजेत मेंढीकोट मांडणार आहोत. गुलामाच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा चालेल. पत्ते पिसायला पहिल्यांदा आई बसेल, आणि घरकामाला येणाऱ्या मावशींनाही एक हात ठेवला आहे. त्या मेंढीकोटात पटाईत आहेत, हे आम्हाला इतक्या वर्षांनी परवा कळले!