एका क्रियापदाचीं अनेक कुळें

इंग्रजी शिकावयास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यास जें क्रियापद अगदीं प्रथम भेटतें, तेंच सर्वांत आडमुठें असतें. ‘वॉक’चें ‘वॉक्ड’ होतें हें त्यास समजतें. परंतु ‘बी’, ‘ॲम’, ‘इज’, ‘वॉज’ हीं सारीं एकाच क्रियापदाचीं रूपें कशीं, हें त्यास सहसा कोणी सांगत नाहीं. पाठ करा, एवढेंच सांगतात. पाठांतर कोणास चुकलें नाहीं हें खरें. तथापि हा गोंधळ निष्कारण नव्हे.

वस्तुतः हें एक क्रियापद नसून निरनिराळ्या धातूंनीं एकत्र मांडलेला संसार आहे. ‘ॲम’ व ‘इज’ हीं आपल्या अस् धातूचीं भावंडें. शेजारीं ‘अस्मि’ व ‘अस्ति’ ठेवून पाहावें. ‘बी’चें नातें भू धातूशीं. ‘वॉज’ तर वस्, म्हणजे राहणें, या धातूच्या कुळांतलें. आपली ‘वस्ती’ त्याच धातूची. (‘आर’ कोणत्या कुळांतलें, याविषयीं पंडितांत वाद आहे.) जर्मन व डच या इंग्रजीच्या भगिनी भाषांतही हेंच मिश्रण आढळतें.

याबद्दल इंग्रजीस हसण्याचें मात्र आम्हांस कारण नाहीं. ‘मी असेन’ हें रूप अस् धातूचें, तर ‘मी होतों’ हें भू धातूचें! पाणिनीनेंही कित्येक रूपांत अस् च्या जागीं भू येतो, असें सांगून ठेविलें आहे.

आतां ‘वॉज’मधील सकाराचा ‘वेअर’मध्यें रकार कां व्हावा? याचें उत्तर कार्ल व्हर्नर या डेन्मार्कच्या भाषापंडितास १८७५ सालीं सांपडलें, आणि तें वेदांच्या साहाय्यानें. प्राचीन काळीं एकवचनांत आघात धातूवर पडे, म्हणून तेथें स टिकला. अनेकवचनांत तो पुढील प्रत्ययावर पडे; त्यामुळें स मृदु होऊन अखेर त्याचा र झाला. पुढें जर्मानिक भाषांत आघात सर्वत्र धातूवरच स्थिर झाला व मूळ कारण लोपलें. परंतु वैदिकांनीं उदात्त-अनुदात्त स्वर पिढ्यान्पिढ्या जपले होते. तेथील लिट् रूपांत एकवचनीं धातूवर व अनेकवचनीं प्रत्ययावर पडणारा स्वर पाहून व्हर्नरनें हा उलगडा केला. इंग्रजांच्या एका रकाराचें कारण वेदपाठांत निघावें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

जर्मनांनीं कालांतरानें ‘वार’ हें रकारयुक्त रूप एकवचनासही लाविलें. डच भाषेंत मात्र ‘वास’ व ‘वारेन’ ही जुनी जोडी अद्याप नांदत आहे.