घरावरून घरमालक ओळखता येतो का? कॅडिसच्या अळ्या आणि त्यांचं वर्गीकरण

विषय वाचून दोघातिघांनी मला दारातच गाठलं आणि विचारलं, की तत्त्वज्ञानाचा मास्तर किड्यांवर काय बोलणार? रास्त प्रश्न आहे. मी कीटकशास्त्रज्ञ नाही. पण एखादी वस्तू तिच्या कुठल्या खुणेवरून ओळखायची, हा प्रश्न माझ्या दुकानातला आहे. आणि आजच्या या अळ्यांनी तो भल्याभल्यांना चुकवलेला आहे.

सुरुवात इथल्याच बाभळीपासून करू. मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला येणारी माणसं बाभळीकडे बघत नाहीत. फांदीला कधीकधी बोटाच्या पेराएवढी काटक्यांची मोळी लोंबत असते. वाटतं, वाळलेलं काहीतरी अडकलंय. थोडा वेळ थांबलात तर ती मोळी हळूच पुढे सरकते. आत अळी असते. तिनं स्वतःच्या रेशमाची पिशवी विणलेली असते आणि तिला बाहेरून काड्या चिकटवलेल्या असतात. एमर्सन टेनंट या इंग्रज अधिकाऱ्यानं सिलोनवरच्या १८६१ च्या पुस्तकात लिहिलंय, की तिथले लोक या अळीला सरपणाची मोळी म्हणतात आणि मागल्या जन्मी लाकडं चोरणाऱ्याला हा जन्म मिळतो असं मानतात. कर्मविपाकाचा इतका नेमका हिशेब आपल्या पुराणांतही क्वचितच सापडेल.

ही झाली पतंगाची अळी, झाडावरची. आजचा विषय आहे तिच्या पाण्यातल्या नातेवाइकांचा. त्यांना कॅडिस म्हणतात. इंग्रजी नावात माशी आहे, पण माशीशी यांचं नातं लांबचं. फुलपाखरं आणि पतंगांचा गण एकीकडे, कॅडिसचा गण दुसरीकडे, आणि दोघं अगदी सख्खे. फुलपाखराच्या पंखांवर खवले असतात, यांच्या पंखांवर केस. म्हणून विल्यम कर्बीनं १८१३ मध्ये नाव ठेवलं ट्रायकॉप्टेरा, केसाळ पंखांचे. पावसाळ्यात नदीकाठच्या दिव्यावर लांब मिशांचे, मातकट रंगाचे, पंख कौलारू छपरासारखे मिटून बसणारे किडे येतात ना, त्यांत हे असतात. जगात यांच्या सुमारे १७,००० जाती नोंदलेल्या आहेत, भारतात हजाराहून अधिक. प्रौढ थोडेच दिवस जगतो. खरं आयुष्य जातं अळीचं, पाण्याखाली. आणि यातल्या पुष्कळ अळ्या घर बांधतात आणि ते अंगावर घेऊन फिरतात.

आता ॲरिस्टॉटल. प्राण्यांच्या इतिहासावरच्या त्याच्या ग्रंथाच्या पाचव्या भागात काड्या वाहणारी एक अळी येते. ती आपल्या बाभळीवरच्यासारखी होती की पाण्यातली, याबद्दल दोन्ही मतं आहेत. तो दोन गोष्टी सांगतो. एक, गोगलगायीला जसा शंख तसं या अळीला हे आवरण; ते काढलं की ती मरते. दोन, हिच्यातून कोणता पंखवाला जीव बाहेर पडतो, ते अजून कुणी पाहिलेलं नाही. पहिलं विधान कॅडिसला लागू होत नाही. तिला घराबाहेर काढली तर ती मरत नाही, नवं घर बांधायला घेते. शंख हा गोगलगायीच्या देहाचा भाग, घर हे अळीचं काम. दुसरं विधान मात्र लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितलेत. तर्कसंग्रह शिकलेल्यांना गायीचं उदाहरण आठवेल. कपिल रंगाची ती गाय म्हटलं, तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. शिंगं असलेली ती गाय म्हटलं, तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. एकच अखंड खूर असलेली म्हटलं, तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. आता 'घर बांधून ते वाहून नेते ती कॅडिसची अळी' हे लक्षण तपासा. बाभळीवरची अळी आत शिरते, म्हणजे अतिव्याप्ती. आणि रायकोफिलिडी कुळातल्या अळ्या घर न बांधता मोकळ्या फिरून शिकार करतात, हायड्रोसायकिडी कुळातल्या दगडाला जाळं बांधून एका जागी बसतात आणि वाहत्या पाण्यातलं अन्न गाळून खातात. त्या सुटतात, म्हणजे अव्याप्ती. एकाच लक्षणात दोन दोष!

मग वर्गीकरण कशावर केलं? मार्तिनोव या रशियन कीटकशास्त्रज्ञानं १९२४ मध्ये दोन उपगण केले, ॲन्युलिपाल्पिया आणि इंटेग्रिपाल्पिया. नावं घरावरून नाहीत, प्रौढाच्या तोंडाजवळच्या स्पर्शकावरून आहेत. त्या स्पर्शकाचा शेवटचा खंड एकात बारीक वळ्यांचा, दुसऱ्यात अखंड. पण मौज अशी, की पहिल्याच्या अळ्या एका जागी जाळी आणि आडोसे बांधणाऱ्या निघतात आणि दुसऱ्याच्या फिरती नळी वाहणाऱ्या. मिशीवरून भाग पाडले आणि घरंही जवळजवळ त्याच रेषेवर वेगळी झाली. 'जवळजवळ' म्हणतो, कारण मध्ये काही कुळं उरली. ग्लॉसोसोमॅटिडीच्या अळ्या खड्यांचं कासवाच्या पाठीसारखं घर बांधतात. हायड्रॉप्टिलिडीच्या अळ्या जेमतेम काही मिलिमीटरच्या. त्या पहिल्या चार अवस्था उघड्याच राहतात आणि शेवटच्या अवस्थेत बटव्यासारखं घर करतात. रायकोफिलिडीही यांच्यातच. १९८४ मध्ये यांचा तिसरा उपगण केला गेला. अलीकडच्या डीएनए अभ्यासांत ही कुळं नळीवाल्यांच्या बाजूला जातात, पण स्वतःचा एकसंध गट म्हणून टिकत नाहीत.

नळीवाल्यांतलं वैविध्य बघण्यासारखं आहे. लेप्टोसेरिडींची वाळूची किंवा काडीकचऱ्याची निमुळती नळी. गोइरिडींच्या नळीला दोन्ही अंगांना मोठे खडे, वजनासाठी. कॅलॅमोसेरॅटिडीतली ॲनिसोसेंट्रोपस ही प्रजाती पानाचे दोन तुकडे कापते आणि त्यांच्यामध्ये चपटी होऊन राहते. ओढ्याच्या तळाशी पान चालायला लागलं तर ते हे. या सगळ्यांना जोडणारा गारा एकच, रेशीम. रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीशी नातं सांगणारीच ही ग्रंथी, फक्त या रेशमाच्या प्रथिनांवर फॉस्फेटचे गट असतात आणि ते कॅल्शियमशी जोडले जातात, त्यामुळे ते पाण्याखालीही चिकटतं. शिवाय नळी हे नुसतं चिलखत नाही. अळी आत पोट लाटेसारखं हलवते, पाणी पुढून शिरून मागून जातं आणि तिच्या कल्ल्यांना ताजा ऑक्सिजन मिळतो.

युबेर द्युप्रा नावाच्या फ्रेंच कलावंतानं १९८० च्या दशकापासून या अळ्यांना वाळूऐवजी सोन्याचे कण, मोती आणि रत्नांचे तुकडे दिले. अळ्यांनी सोन्याची घरं बांधली, आणि बांधणी तीच! उपादान बदललं, आकार तसाच राहिला. घटाची माती बदलली तरी घट तो घटच, हे वर्गात सांगून माझा घसा बसला. ही अळी एका रात्रीत दाखवते.

मग म्हणाल, साहित्य सोडा, आकारावरून जात ओळखा. तिथेही ठेच लागते. लेपिडोस्टोमॅटिडीतल्या कित्येक अळ्या लहानपणी वाळूची गोल नळी बांधतात आणि मोठ्या झाल्या की पानाच्या चौकोनी तुकड्यांचं चौपाखी घर. अळी एकच, घरं दोन. उलट वाळूची साधी नळी कितीतरी कुळांत सापडते. सगळ्यांत नामी फसगत हेलिकोसायकिडी कुळानं केली. यांच्या अळ्या वाळूचं गोल वेटोळं बांधतात, थेट गोगलगायीच्या शंखासारखं. फिलाडेल्फियाच्या आयझॅक ली या शंखशास्त्रज्ञानं १८३४ मध्ये तो खरा शंख समजून त्याला गोगलगायीची नवी जात म्हणून नाव दिलं. ॲरिस्टॉटलनं घराला शंखाची उपमा दिली होती, लीनं उपमेचं वास्तव केलं. मी हसत नाही. पुराव्याला एकटं घर धरलं तर कुणाचंही हेच होईल.

म्हणून घरावरून फार तर कुळापर्यंत जाता येतं, कधी प्रजातीपर्यंत. जातीचं नाव ठरतं प्रौढ नराच्या जननांगाच्या रचनेवर, सूक्ष्मदर्शकाखाली. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये बसून मार्टिन मोझलीनं भारतातल्या अनेक जातींची वर्णनं केली, पुढे फर्नांड श्मिड भारतात हिंडून नमुने गोळा करत राहिला. त्यांच्या हाती आले ते प्रौढ. परिणाम असा, की आपल्याकडच्या बहुसंख्य जातींना नाव आहे ते दिव्यावर आलेल्या किड्याला. ओढ्यातल्या अळीला नाव नाही, आणि ती त्याच किड्याची हे सांगायला दुवा नाही. ॲरिस्टॉटलचं दुसरं वाक्य आठवलं?

हे पोथीतलं भांडण नाही. नदीची तब्येत तपासायची एक ब्रिटिश पद्धत आहे, तिच्यात पाण्यातल्या प्रत्येक कुळाला एक ते दहा गुण देतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानंही तिच्यावरून भारतासाठी निकष केले. मूळ पद्धतीत लेप्टोसेरिडीला दहा गुण, हायड्रोसायकिडीला पाच. पण कुळात जाती अनेक, आणि त्यांतली एखादी नाजूक जात नाहीशी झाली तरी कुळ हजेरीला उभं असतं, गुण तेवढेच पडतात. गेलं कोण, हे कागदावर येतच नाही. नीरा भोरकडच्या डोंगरांतून येते, कऱ्हा सासवडच्या पश्चिमेकडून मोरगावला येते आणि पुढे सोनगावजवळ नीरेला मिळते. वरच्या ओढ्यांत पावसानंतर जे चार-सहा महिने पाणी असतं, तेवढ्यात अळीला सगळं आयुष्य उरकायचं असतं. त्यात वाळूउपसा आहेच. वाळू आपल्यालाही घरालाच लागते, पण आपण ती ट्रकनं नेतो.

दुवा जोडण्याचा एक जुना मार्ग आहे आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. अळी कोशात जाताना घर दगडाला पक्कं चिकटवते आणि दोन्ही तोंडं बंद करते. आत कात टाकते. त्या कातीचे कडक तुकडे, डोकं, पाय, बहुतेक कुळांत घरातच मागच्या टोकाला पडून राहतात. कोश पिकला की त्याच्या पारदर्शक त्वचेतून प्रौढाचं जननांग दिसतं. म्हणजे एकाच घरात अळीची ओळख आणि प्रौढाची ओळख शेजारी शेजारी. आज डीएनए जुळवूनही हे करतात, पण त्यालाही नाव पटलेला प्रौढ लागतोच.

तेव्हा पावसाळा ओसरला की वाहत्या ओढ्यातला दगड उलटा करून बघा. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नका, इतर ठिकाणीही दगड होता तसा परत ठेवा. बंद तोंडाचं घर सापडलं तर एखाददुसरंच घ्या, घर फोडू नका, कोशासकट अल्कोहोलच्या बाटलीत ठेवा. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे, तिथे विचारता येईल. चिठ्ठीवर तारीख, गाव आणि ओढ्याचं नाव लिहा, आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. पेन्सिलीनं लिहा बरं का. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.