चिपवरचा प्रकाश आणि एर्बियमचे पातळ स्फटिक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिलिकॉनच्या चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर मावतात, पण सिलिकॉन स्वतः जवळजवळ प्रकाश देत नाही. त्यातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बहुतांशी उष्णतेत जाते. म्हणून संशोधक एर्बियमसारख्या ‘रेअर अर्थ’ मूलद्रव्यांकडे वळले.

‘रेअर’ या शब्दामुळे टंचाई हीच अडचण वाटते. पण याच गटातले सेरियम भूकवचात जवळपास तांब्याइतके आहे. एर्बियम त्याहून बरेच कमी असले, तरी काही अणूंच्या जाडीच्या थराला ते लागते किती!

एर्बियम जितके जास्त, तितका प्रकाश जास्त, हा समज अधिक खोलवर रुजलेला आहे. एर्बियमचा प्रकाश १५३० नॅनोमीटरच्या आसपास असतो, आणि ऑप्टिकल फायबरमध्ये साधारण याच पट्ट्यात प्रकाश सर्वांत कमी विरतो. १९८७ मध्ये एर्बियम मिसळलेल्या फायबरचे अ‍ॅम्प्लिफायर आले आणि समुद्राखालच्या केबलींचे रूपच पालटले. तिथे मीटरच्या मीटर फायबर वापरता येते; चिपवर जागा असते मिलिमीटरची. म्हणून एर्बियम दाटीने भरावेसे वाटते; पण तसे केले, तर शेजारचे आयन एकमेकांना ऊर्जा देत राहतात, ती एखाद्या दोषापाशी पोचते आणि उष्णता होऊन संपते. यावर मला सर्वांत पटणारा उपाय म्हणजे एर्बियम भेसळीपुरते न ठेवता स्फटिकाचाच घटक करणे. मग काचेच्या कितीतरी पट आयन बसतात, तेही ठरलेल्या जागी, त्यामुळे दोष कमी राहतात. एर्बियम क्लोराइड सिलिकेटच्या नॅनोतारांमध्ये २०१७ साली सेंटीमीटरमागे १०० डेसिबलहून अधिक प्रकाशवर्धन मोजले गेले.

चिपवर असे स्फटिक काही अणूंच्या जाडीचे, म्हणजे द्विमितीय हवेत. द्विमितीय पदार्थ म्हटले की २००४ सालचे, चिकटपट्टीने सोललेले ग्राफीन आठवते. चिपसाठी मात्र स्फटिक वाढवावे लागतात. क्वार्ट्‌झच्या नळीत एर्बियमच्या क्षाराची पूड तापवतात, आर्गॉन तिची वाफ पुढे नेतो आणि ती अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावर जमते. अभ्रकाच्या पृष्ठभागावर मोकळे बंध नसल्याने अणू सहज सरकतात, स्फटिक आडवा पसरतो. एर्बियम ऑक्सिक्लोराइडची रचना मुळातच थरांची, त्यामुळे त्याला हे जमते. थर नसलेली संयुगे मात्र सगळ्या दिशांनी वाढून जाड होऊ पाहतात.

पातळपणा म्हणजे तेज, हेही खरे नाही. एकच थर प्रकाशाशी फार थोडा संबंध साधतो. म्हणून तो प्रकाशवाहिनीवर किंवा प्रकाश फिरत ठेवणाऱ्या वलयावर बसवावा लागतो. शिवाय एर्बियमला उत्तेजित करायला सहसा ९८० किंवा १४८० नॅनोमीटरचा दुसरा लेझर लागतो.

म्हणून ‘चिपवर लेझर तयार’ अशी बातमी वाचाल, तेव्हा एवढे जरूर पाहा: तो थेट विजेवर चालतो, की दुसऱ्या लेझरवर?