साडेतीन मिलिमीटरची वहिवाट

७ सप्टेंबर २०१६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आयफोन ७ जगापुढे ठेवताना ॲपलचे अधिकारी फिल शिलर यांनी हेडफोन जॅक काढून टाकण्याच्या निर्णयाला ‘धैर्य’ असे भारदस्त नाव दिले, आणि त्या शब्दाची यथेच्छ थट्टा झाली. वस्तुतः मोटोरोलाच्या मोटो झेडने त्याच वर्षी, आणि ओप्पोने त्याहीपूर्वी, आपल्या फोनांतून हे छिद्र हद्दपार केले होते. परंतु ॲपलने केले म्हणून त्या कृतीला पायंड्याचे स्वरूप आले.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ग्राहकांच्या तारा जोडणाऱ्या पाव इंची पिनेचा हा साडेतीन मिलिमीटरचा धाकटा वंशज ट्रान्झिस्टर रेडिओने रूढ केला आणि १९७९ च्या वॉकमनने सर्वदूर पोहोचवला. पिनेच्या टोकावाटे डाव्या कानाचा प्रवाह, मधल्या कड्यावाटे उजव्या कानाचा आणि मागील भागावाटे परतीचा, एवढीच तिची रचना असल्यामुळे कोणत्याही कारखान्याचा इयरफोन कोणत्याही यंत्रात, कोणाच्या परवान्यावाचून, चालत असे. मालकी कोणाचीच नाही आणि वापर मात्र सर्वांचा, अशी ती गावरस्त्यासारखी वहिवाट होती.

ती मोडण्यासाठी जी कारणे पुढे करण्यात आली, ती निखालस खोटी नव्हती. जॅक फोनच्या आत बरीच जागा अडवतो, आणि ती मोकळी झाल्यास बॅटरी, कॅमेरा व कंपनयंत्र यांना अधिक वाव मिळतो, हे उघड आहे. परंतु पाण्यापासून संरक्षणाची सबब त्याच वर्षीच्या सॅमसंग गॅलेक्सी एस ७ ने, जॅक कायम ठेवूनही जलरोधक राहून, निकालात काढली. आणि २०१८ मध्ये आपल्या उंची फोनांतून जॅक वगळणाऱ्या सोनीने २०२० च्या एक्सपीरिया १ मार्क २ मध्ये तो पुनःस्थापित केला, तेव्हा हा त्याग अपरिहार्य नसून ऐच्छिक होता, हेच सिद्ध झाले.

बिनतारी साधनांनी तारेच्या गुंत्यातून मुक्तता दिली, हे मान्य करूनही त्या सुखाचा जमाखर्च मांडावा लागतो. ब्लूटूथवरून जाणारा ध्वनी सहसा संक्षिप्त करून पाठवावा लागतो व किंचित विलंबाने पोहोचतो. शिवाय कानात बसणाऱ्या इवल्या बॅटऱ्या कालांतराने क्षीण होतात, आणि त्या बहुधा बदलता येत नसल्यामुळे धडधाकट साधनही निकामी ठरते. आपल्याकडे फोनवर एफएम रेडिओ ऐकणारास इयरफोनची तारच अँटेनाचे काम देत असल्याने, तार गेली की आकाशवाणीही दुरावते. जुने इयरफोन लावता यावेत म्हणून ॲपल आरंभी फोनसोबत जोडतुकडा (ॲडॉप्टर) देत असे. २०१८ मध्ये तोही खोक्यातून गेला व स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागू लागला.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना यूएसबी-सी हे समान चार्जिंगद्वार सक्तीचे केले. तथापि ध्वनीपुरती एकवाक्यता त्यानेही आलेली नाही, कारण काही फोन त्या द्वारातून थेट ध्वनिलहर बाहेर सोडतात, तर काहींना अंकांचे लहरीत रूपांतर करणारी चिप जोडतुकड्यातच लागते, आणि म्हणून एका फोनचा तुकडा दुसऱ्याला चालेलच असे नाही. नवे साधन निवडण्याची मुभा ग्राहकाला अवश्य असावी. परंतु जुन्या वहिवाटीला कुंपण घालणाऱ्याने जागेच्या वा प्रगतीच्या सबबी सांगण्याआधी, त्यापायी पडणारा भुर्दंड ग्राहकानेच का सोसावा, याचा जबाब द्यावा.