चिप बदलली की आवाज बदलतो काय?

ध्वनिमुद्रिकेच्या क्षीण संदेशाला बळ देणाऱ्या प्रीअँप्लिफायरमध्ये ऑप-अँप नावाची चिमुकली चिप असते. ती काढून दुसरी, नावाजलेली बसवली की संगीत खुलते, असे पुष्कळ हौशी रसिक मानतात. यात तथ्य किती?

ऑप-अँपची मूळ प्रवर्धनशक्ती लक्षपटीच्या घरात असते. पण ती मोकाट सोडत नाहीत. हॅरोल्ड ब्लॅक यांनी १९२७ साली शोधलेल्या युक्तीने, बाहेर आलेल्या संदेशाचा काही अंश उलटवून पुन्हा आत नेतात. त्यामुळे संदेश किती पट वाढावा हे चिप नव्हे, भोवतालचे रोधक ठरवतात. विकृतीही आवरली जाते.

उरते ती खरखर. एक हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात मोजली तर टीएल०७२ या चिपची खरखर सुमारे १८ नॅनोव्होल्ट, एनई५५३२ची अवघी ५. दुसरीच सरस, असे कोणीही म्हणेल. संदेशाच्या वाटेवर १ किलोओहमचा रोध असेल तर ते खरेही आहे: एकूण खरखर १८ वरून ६ वर येते. परंतु रोध ४७ किलोओहमचा असला, की उष्णतेमुळे त्याचीच खरखर २८ होते. शिवाय एनई५५३२च्या प्रवेशप्रवाहातील चंचलता त्यावर ३३ उत्पन्न करते. वर्गांच्या हिशेबाने बेरीज केली तर पहिल्या चिपची ३३, दुसरीची ४४!

तेव्हा श्रोतेहो, चिपचा गुण एकटीचा नसतो. तो मंडलाच्या संगतीत ठरतो. आधी मंडल पाहावे, मग मोजावे, आणि पैशाच्या पिशवीला हात शेवटी घालावा.